किमया आणि तिचा हिशेब

दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये तिसरे प्रकरण आहे, ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत या प्रकरणाइतकी तक्रार दुसऱ्या कुठल्याच धड्याबद्दल नसते. गेल्या महिन्यात एका आईने लिहिले आहे, की मुलगी फज्रनंतर बसून पंचवीस-तीस समीकरणे घोकते, अब्बांना घडाघडा म्हणून दाखवते आणि चाचणीत दोनाच्या जागी तीन पडला की रडत घरी येते. “मी स्वतः सातवीपर्यंतच शिकले, तिला मदत कशी करू?” असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सातवीपर्यंतचे गणित पुष्कळ झाले. महिन्याच्या किराण्याचा हिशेब ज्या घरात लिहिला जातो, त्या घरात समीकरण संतुलित करता आलेच पाहिजे. समीकरण ही पाठ करण्याची गोष्टच नव्हे. तो जमाखर्च आहे. डावीकडे जेवढे आले, तेवढे उजवीकडे दिसले पाहिजे. एवढे एक सूत्र मुलीच्या मनात बसले, की पंचवीस समीकरणांचे ओझे उतरते. म्हणून घोकंपट्टी आजपासून बंद करा आणि हा लेख दोघी मिळून वाचा, हातात पेन्सिल घेऊन.

आधी एक गंमत सांगतो. मराठीत आपण ‘किमया’ म्हणतो, तो शब्द अरबी ‘कीमिया’वरून आला. इंग्रजीतल्या ‘केमिस्ट्री’चे मूळही त्याच ‘अल-कीमिया’त आहे. आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाला पुस्तकात अल्कली म्हणतात, तो शब्दही अरबी ‘अल-कली’, म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती जाळून मिळणारी राख. या शब्दावरून पुढे लॅटिनमध्ये ‘कॅलिअम’ झाला आणि म्हणूनच पोटॅशिअमची संज्ञा ‘पी’ नसून ‘के’ आहे. मुले दरवर्षी विचारतात, पोटॅशिअमला ‘के’ का? हे त्याचे उत्तर.

पण जुन्या किमयागारांकडे भट्टी होती, ऊर्ध्वपातनाची भांडी होती, कृती लिहून ठेवण्याची शिस्त होती. आज आपण लिहितो ते समीकरण मात्र नव्हते. तो हिशेब पक्का केला फ्रान्सच्या अँत्वान लाव्हाझिए यांनी. बंद भांड्यात पदार्थ तापवायचा, आधी वजन करायचे, नंतर वजन करायचे. पदार्थाचे रूप बदलते, रंग बदलतो, पण एकूण वजन तेवढेच राहते. १७८९ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात हा नियम ठामपणे मांडला गेला. त्या ग्रंथातल्या उपकरणांची चित्रे त्यांच्या पत्नी मारी-आन यांनी काढली होती. प्रयोगशाळेतल्या नोंदीही त्या ठेवत आणि इंग्रजी ग्रंथ नवऱ्यासाठी फ्रेंचमध्ये उतरवून देत. पाच वर्षांनी, १७९४ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिए यांना गिलोटिनखाली जावे लागले. अक्षरांच्या संज्ञा त्यानंतरच्या आहेत. त्या स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८१३-१४ च्या सुमारास सुचवल्या.

आता कामाला लागू. इथे मी संज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत आणि प्रत्येक मूलद्रव्यानंतर आडवी रेघ दिली आहे. वहीत मात्र त्या पुस्तकातल्यासारख्या रोमन लिपीतच लिहायच्या. आकडा दोन जागी येतो. संज्ञेच्या पुढे, वहीत खाली बारीक लिहिलेला आकडा त्या रेणूत किती अणू आहेत ते सांगतो. पूर्ण सूत्राच्या आधी, जागा सोडून लिहिलेला मोठा आकडा म्हणजे सहगुणक. तो असे किती रेणू आहेत ते सांगतो. अंड्यांच्या खोक्याचे उदाहरण घ्या. खोक्यात किती अंडी आहेत हा बारीक आकडा, खोकी किती आणली हा मोठा आकडा. तुम्ही दुकानातून खोकी हवी तितकी आणू शकता, पण सहा अंड्यांचे खोके सात अंड्यांचे करू शकत नाही. समीकरण संतुलित करताना फक्त खोकी मोजायची.

पाण्यापासून सुरुवात करू.

एच२ + ओ२ → एच२-ओ

डावीकडे हायड्रोजनचे २ अणू, उजवीकडे २. ठीक. ऑक्सिजनचे डावीकडे २, उजवीकडे १. एक ऑक्सिजन कुठे गेला? इथे पुष्कळ मुले उजवीकडे ‘एच२-ओ२’ लिहून मोकळी होतात. अणू जुळतात, पण पदार्थ बदलतो. एच२-ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुताना फेसाळते, केसांचा रंग उडवते, ते. पाण्याच्या पेल्यात ते आले तर काय होईल याचा विचार करा, म्हणजे बारीक आकड्याला हात का लावायचा नाही ते कायमचे लक्षात राहील. बरोबर रीत अशी: उजवीकडे पाण्याचे दोन रेणू घ्यायचे. आता ऑक्सिजन २ झाला, पण हायड्रोजन ४ झाला. म्हणून डावीकडे हायड्रोजनचेही दोन रेणू.

२ एच२ + ओ२ → २ एच२-ओ

दुसरे उदाहरण गंजाचे. लोखंड आणि ऑक्सिजन मिळून आयर्न ऑक्साइड होते. खऱ्या गंजात पाण्याचाही अंश असतो, पण हिशेबापुरते तो बाजूला ठेवू.

एफई + ओ२ → एफई२-ओ३

इथे ऑक्सिजन डावीकडे दोन-दोनच्या जोड्यांनी येतो आणि उजवीकडे तीन-तीनने जातो. दोन आणि तीनचा लसावि सहा. म्हणजे डावीकडे ३ ओ२, उजवीकडे २ एफई२-ओ३. आता उजवीकडे लोखंडाचे ४ अणू झाले, म्हणून डावीकडे ४ एफई.

४ एफई + ३ ओ२ → २ एफई२-ओ३

लसावि पाचवी-सहावीत शिकलेला असतो. त्यापलीकडचे यात काही नाही. एकदा डाव्या-उजव्या रकान्याचा तक्ता आखून प्रत्येक अणूची मोजणी लिहायची सवय लागली, की चूक कुठे झाली ते स्वतःला दिसते. शिक्षकाला विचारायला जावे लागत नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरात रोज घडणारी अभिक्रिया. सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. सोयीसाठी सगळा ब्युटेनच आहे असे धरू. त्याच्या रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. जळताना तो ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी देतो.

सी४-एच१० + ओ२ → सी-ओ२ + एच२-ओ

अशा वेळी ऑक्सिजनला शेवटी हात लावायचा, कारण तो डावीकडे एकटा आहे आणि त्याला हवे तसे वाकवता येते. कार्बन ४, म्हणून ४ सी-ओ२. हायड्रोजन १०, म्हणून ५ एच२-ओ. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू झाले ८ अधिक ५, म्हणजे १३. डावीकडे ऑक्सिजन जोडीने येतो, तेव्हा साडेसहा रेणू लागतील. अर्धा रेणू लिहायचा नसतो, म्हणून सगळ्याच आकड्यांची दुप्पट करू.

२ सी४-एच१० + १३ ओ२ → ८ सी-ओ२ + १० एच२-ओ

तेरा हा आकडा पाहून मुले घाबरतात आणि आपलेच काही चुकले असे समजून खोडतात. खोडू नका. रसायनशास्त्राला तेराचे काही वावडे नाही.

आणि आता या समीकरणाचा खरा उपयोग बघा. कार्बनचे वजन १२, हायड्रोजनचे १, ऑक्सिजनचे १६ धरले तर डावीकडे ब्युटेन ११६ आणि ऑक्सिजन ४१६ येतो. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ३५२ आणि पाणी १८०. दोन्ही बाजूंची बेरीज ५३२. लाव्हाझिएंचा हिशेब जुळला. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्रैराशिक मांडले तर तो पूर्ण जळायला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाणी तयार होते. बावीस लिटर पाणी, म्हणजे मोठी बादली भरून! ते वाफ होऊन उडून जाते म्हणून आपल्याला दिसत नाही. थंडीच्या दिवसांत बंद खिडकीच्या काचेला आतून घाम येतो त्यात यातला वाटा असतो. तो एक्कावन्न किलो ऑक्सिजन सिलिंडरबरोबर येत नाही. तो घरातल्या हवेतून घेतला जातो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा असे वडीलधाऱ्या बायका सांगतात, त्यामागे हे तेराचे गणित आहे. ज्योत निळ्याऐवजी पिवळी होऊन पातेल्याचे बूड काळे पडू लागले, तर समजावे की तेरा पुरे पडत नाहीत. बर्नरची छिद्रे साफ करून घ्या.

अभिक्रियांच्या प्रकारांकडे वळू. पुस्तकात चार दिले आहेत: संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन. व्याख्या पुस्तकातून वाचा, त्या सोप्या आहेत. मी त्या पुन्हा लिहीत नाही. त्यापेक्षा चुन्याची हकिगत सांगतो, कारण एकाच वस्तूत बरेच काही दिसते.

कोकणात शिंपले आणि इतरत्र चुनखडी भट्टीत भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. शिंपला काय किंवा चुनखडी काय, दोन्ही कॅल्शिअम कार्बोनेटच.

सीए-सी-ओ३ → सीए-ओ + सी-ओ२

एकाचे दोन झाले, म्हणजे अपघटन. बाहेरून उष्णता घ्यावी लागते, म्हणून उष्माग्राही. १०० किलो चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना हाती येतो आणि ४४ किलो वायू धुराड्यातून निघून जातो. भट्टीवाल्याला माल निम्म्याच्या जवळपास हलका झालेला दिसतो, पण तो कोणी चोरलेला नसतो.

आता कळीचा चुना पाण्यात टाकला.

सीए-ओ + एच२-ओ → सीए-(ओ-एच)२

दोनाचे एक झाले, म्हणजे संयोग. पिंपातला चुना खदखदतो, हात लावला तर भाजतो. उष्मादायी अभिक्रिया म्हणजे काय हे घराच्या रंगकामाच्या वेळी ज्याने पाहिले त्याला पाठ करावे लागत नाही. मग तो विरलेला चुना भिंतीवर लागतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा कडक कॅल्शिअम कार्बोनेट बनतो.

सीए-(ओ-एच)२ + सी-ओ२ → सीए-सी-ओ३ + एच२-ओ

म्हणजे भट्टीतून उडालेला वायू भिंतीवर परत आला. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करतात, तीही हीच अभिक्रिया. हिला चार कप्प्यांपैकी कुठल्या कप्प्यात टाकायचे, असे एका विद्यार्थ्याने विचारले होते. खरे सांगायचे तर ती कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाही. कप्पे माणसाने सोयीसाठी केलेले आहेत. परीक्षेत पुस्तकातलीच उदाहरणे विचारली जातात, तेव्हा काळजी नको. पण प्रत्येक अभिक्रियेला कप्पा असलाच पाहिजे असा हट्ट धरू नका.

तिन्ही समीकरणे वरच्या आकड्यांशिवायच संतुलित आहेत, हे मोजून पाहा. सगळ्या समीकरणांना मोठे आकडे लागतातच असे नाही. आणि जाता जाता लहान मुलांच्या आयांसाठी एक सूचना. पानाच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती देऊ नये. ती दाबली की फुटते आणि चुना डोळ्यात उडतो, त्याने बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. तसे झालेच तर डोळा चोळू न देता लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि थेट डॉक्टरकडे न्यावे.

अपघटनाचे दुसरे उदाहरण नानकटाईत आहे. खाण्याचा सोडा तापला की त्याचे धुण्याचा सोडा, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात.

२ एनए-एच-सी-ओ३ → एनए२-सी-ओ३ + एच२-ओ + सी-ओ२

वायू बाहेर पडताना पीठ फुलवतो. पण समीकरणाच्या उजव्या बाजूकडे नीट बघा, तिथे धुण्याचा सोडाही आहे. सोडा प्रमाणाबाहेर पडला की नानकटाईला साबणासारखी चव येते ती याची. दही किंवा लिंबू यांसारखे आंबट काही बरोबर असेल, तर आम्ल आणि सोडा यांची अभिक्रिया होते आणि ती चव राहत नाही. ईदच्या आधी नानकटाई करणाऱ्या मुलींनी हे समीकरण डब्याच्या झाकणावर चिकटवायला हरकत नाही.

विस्थापनासाठी मोरचूद. शाळेत निळ्या मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवतात. थोड्या वेळाने खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि निळा रंग फिका, हिरवट होतो. लोखंड जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला उठवून त्याची जागा घेते.

एफई + सीयू-एस-ओ४ → एफई-एस-ओ४ + सीयू

बहुतेक मुले हे उत्तरपत्रिकेत लिहून विसरून जातात. पण नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार आणि कोकणातले सुपारीवाले बोर्डो मिश्रण फवारतात, ते मोरचूद आणि चुना यांचेच असते. मोरचूद लोखंडी बादलीत कालवू नये, असे त्यांना सांगितले जाते. का, ते वरच्या समीकरणात लिहिले आहे: बादलीचे लोखंड द्रावणात जाईल, फवाऱ्यातले तांबे बादलीला चिकटेल. रोगावर उपयोगी पडणारे तांबेच कमी झाले, तर फवारणी फुकट. मिश्रण तयार झाल्यावर शेतकरी त्यात कोयत्याचे स्वच्छ पाते थोडा वेळ बुडवतात. पात्यावर लालसर थर आला तर चुना कमी पडला असे समजतात आणि आणखी चुना घालतात. ज्याच्या घरी हे चालते त्या मुलाने विस्थापनाचा धडा शाळेत बसण्याआधीच पाहिलेला असतो. त्याला फक्त कोणी तरी सांगायला हवे, की तुझ्या अब्बांचा कोयता आणि पुस्तकातला खिळा एकच गोष्ट सांगत आहेत.

दुहेरी विस्थापनाला पुस्तकात चांदीच्या नायट्रेटचे उदाहरण आहे. त्यात मिठाचे पाणी घातले की पांढरा अवक्षेप बसतो. ते परीक्षेसाठी ठीक. मला कल्हईवाल्याचे उदाहरण जास्त आवडते. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, म्हणून आतून कथलाचा लेप देतात. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो. गल्लीतली सगळी मुले तो बघायला जमायची; आता कल्हईवालेच कमी झाले. तो धूर म्हणजे काय? नवसागर तापून त्याचे अमोनिआ आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू होतात. हे अपघटन. वर गेल्यावर थंड होऊन दोन्ही पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक कण धुरासारखे दिसतात. हा संयोग.

एन-एच४-सीएल → एन-एच३ + एच-सीएल

मधल्या काळात सुटलेला हायड्रोजन क्लोराइड आपले काम करून जातो. भांड्यावरच्या काळ्या कॉपर ऑक्साइडशी त्याची अभिक्रिया होते.

सीयू-ओ + २ एच-सीएल → सीयू-सीएल२ + एच२-ओ

तांब्याने ऑक्सिजन सोडून क्लोरीन धरला, हायड्रोजनने क्लोरीन सोडून ऑक्सिजन धरला. जोडीदार बदलले, म्हणजे दुहेरी विस्थापन. पृष्ठभाग स्वच्छ झाला की कथील त्याला धरते. कथील वितळून भांड्यावर पसरते, तो मात्र मुख्यतः भौतिक बदल.

ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांवर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. तूर्त एवढेच, की तळणीचे तेल किंवा शेंगदाण्याचा कूट जुना झाला की खवट वास येतो, तो ऑक्सिडीकरणाचाच परिणाम. हवाबंद डबा त्यासाठीच.

आता ज्यासाठी हा महिना हा विषय निवडला, त्या दोन अभिक्रिया. या परीक्षेत आल्या नाहीत तरी प्रत्येक घरात माहीत हव्यात.

पहिली कोळशाची. हवा भरपूर असेल तर

सी + ओ२ → सी-ओ२

आणि हवा अपुरी असेल तर

२ सी + ओ२ → २ सी-ओ

दोन्ही समीकरणे संतुलित आहेत. दोन्हींत कोळसा तोच, ऑक्सिजन तोच. पहिल्यात १२ किलो कोळशाला ३२ किलो ऑक्सिजन मिळाला, दुसऱ्यात १६ किलोच. उजव्या बाजूला बारीक दोनचा आकडा आहे की नाही, एवढाच फरक. पण तो आकडा गळाला की तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरते, त्यामुळे श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. थंडीत खोली बंद करून शेगडी पेटती ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. बंद न्हाणीघरात लावलेल्या गॅस गिझरनेही हेच होते. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे; थंडीच्या भीतीने दारे-खिडक्या बंद केली जातात आणि आत आई व तान्हे बाळ. शेक द्यायचा असेल तर खिडकी उघडी हवी आणि शेक झाल्यावर शेगडी खोलीबाहेर गेली पाहिजे. घरातल्या नानी-दादींना हे पटवायचे काम दहावीच्या मुलीने करावे. तिच्याकडे समीकरण आहे.

दुसरी अभिक्रिया साफसफाईची. पाण्याची टाकी धुण्यासाठी घरात विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. काही गावांत तिला टीसीएल म्हणतात. संडास धुण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. डाग निघत नाही म्हणून कोणी दोन्ही एकत्र ओतले, तर

सीए-ओ-सीएल२ + २ एच-सीएल → सीए-सीएल२ + एच२-ओ + सीएल२

शेवटचा सीएल२ म्हणजे क्लोरीन वायू. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने खंदकांवर सोडला, तोच. लहानशा बंद न्हाणीघरात तो फुफ्फुसाला भाजून काढू शकतो. आम्ल आणि विरंजक कधीही एकत्र वापरू नयेत, एकामागून एकही ओतू नयेत, आधीचे पूर्ण धुऊन गेल्याशिवाय. उग्र वास आला, डोळे चुरचुरले, तर पाणी मारत उभे न राहता ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे. खोकला थांबत नसेल तर दवाखान्यात जावे आणि काय-काय मिसळले ते डॉक्टरांना सांगावे. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही हे समजावून सांगा. बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचायला त्यांना कोणी वेळ देत नाही.

परीक्षेबद्दल थोडेसे. समीकरण लिहिताना बाणाच्या डावीकडे अभिक्रियाकारके, उजवीकडे उत्पादिते. प्रत्येकापुढे कंसात स्थायू, द्रव, वायू की जलीय द्रावण याची खूण. वायू निघत असेल तर वर जाणारा बाण, अवक्षेप बसत असेल तर खाली येणारा. उष्णता किंवा उत्प्रेरक बाणाच्या वर लिहायचा. आणि शेवटी, पेन खाली ठेवण्याआधी, दोन्ही बाजूंचे अणू एकदा मोजायचे. यात अर्धे मिनिट जाते.

या महिन्यासाठी चार समीकरणे देतो. आई आणि मुलीने वेगवेगळ्या कागदांवर सोडवावीत आणि मग कागद बदलून तपासावेत. पहिले शाळेतले: मॅग्नेशिअमची फीत जळते. दुसरे रेल्वेच्या रुळांचे सांधे जोडताना वापरतात. तिसऱ्यात काळे पडलेले चांदीचे पैंजण ॲल्युमिनिअमच्या कागदावर ठेवून मीठ-सोड्याच्या गरम पाण्यात बुडवले की पुन्हा पांढरे होतात. चौथे सिलिंडरमधल्या दुसऱ्या वायूचे, प्रोपेनचे.

एमजी + ओ२ → एमजी-ओ
एएल + एफई२-ओ३ → एएल२-ओ३ + एफई
एजी२-एस + एएल → एजी + एएल२-एस३
सी३-एच८ + ओ२ → सी-ओ२ + एच२-ओ

उत्तरे, सहगुणक डावीकडून उजवीकडे: पहिले २, १, २. दुसरे २, १, १, २. तिसरे ३, २, ६, १. चौथे १, ५, ३, ४. तिसऱ्याला वेळ लागेल. सुरुवात गंधकापासून करा.